आभाळातली वर्दी: ध्वनीच्या वेगाजवळ आणि त्यापलीकडे विमान कसे उडते

उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर गादी टाकून झोपणाऱ्या नागपूरकराला एक गोष्ट कोणी न शिकवता कळलेली असते. विमानाचा घोंघाव जिकडून ऐकू येतो तिकडे पाहिले तर तिथे विमान नसते. त्याचा लुकलुकणारा दिवा बराच पुढे निघून गेलेला असतो. अकरा किलोमीटर उंचीवरून निघालेला आवाज जमिनीपर्यंत यायला सुमारे ३४ सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान साडेआठ किलोमीटर पुढे जाते. झिरो माइलच्या बरोबर वर असताना विमानाने केलेला आवाज झिरो माइलपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानी पडतो, तेव्हा दक्षिणेकडे निघालेले ते विमान सोनेगावच्या विमानतळालाही मागे टाकून गेलेले असते.

विमान आपल्या आवाजाला इतके मागे टाकते याचा अर्थ ते त्याच्याच वेगाच्या जवळपास उडत असते. लढाऊ विमानांचा विषय निघाला की आपण ध्वनीच्या वेगाबद्दल बोलतो, पण दिल्ली–चेन्नई प्रवासात खिडकीशी बसून पोहे खाणारा प्रवासीही त्या वेगाच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो आणि त्याच्या खिडकीबाहेरच्या पंखावरून जाणाऱ्या हवेने तर तो उंबरठा कधीच ओलांडलेला असतो. या उंबरठ्यावर हवेचे वागणे का बदलते, हा वायुयामिकीतला, म्हणजे वाहत्या हवेच्या शास्त्रातला, बराच काळ डोकेदुखी ठरलेला प्रश्न आहे.

त्याचे मर्म एका शब्दात सांगायचे तर तो शब्द ‘वर्दी’ हा आहे. इतवारीच्या किराणा ओळीत भर गर्दीतून पोत्यांनी लादलेली हातगाडी हमाल कशी काढतो ते आठवून पाहा. गाडीच्या पुढे त्याची आरोळी जाते, आरोळी ऐकून माणसे अंग चोरून बाजूला होतात आणि गाडी पोहोचेपर्यंत वाट तयार झालेली असते. गर्दी फाकवण्याचे खरे काम गाडीने केलेले नसते, आरोळीने केलेले असते. हवेतून जाणाऱ्या वस्तूचेही तसेच आहे. विमानाचे नाक समोरच्या हवेला किंचित दाबते, तो दाब पुढच्या रेणूंना कळतो, ते त्यापुढच्यांना कळवतात आणि विमान येण्याआधीच हवा वरखाली, आजूबाजूला सरकू लागते. ही वर्दी ज्या वेगाने पुढे जाते तोच ध्वनीचा वेग, कारण आवाज म्हणजे तरी दुसरे काय, तर दाबातल्या लहानशा बदलाची हवेतून जाणारी वर्दीच. आता हमाल आपल्या आरोळीपेक्षा वेगाने गाडी ढकलू लागला तर काय होईल, एवढाच प्रश्न उरतो, आणि पुढचे सगळे शास्त्र त्या प्रश्नाच्या उत्तरातून निघते.

वर्दी पोहोचवणारे हवेचे रेणूच असल्यामुळे ते जितके चपळ तितकी वर्दी वेगवान, आणि रेणूंची चपळाई तापमानावर ठरते. ध्वनीचा वेग उंचीवर कमी होतो तो तिथली हवा विरळ असल्यामुळे, असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. उंचीवर दाब कमी होतो तशी घनताही कमी होते आणि वेगाच्या सूत्रात हे दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. शेवटी उरते ते फक्त तापमान. १५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे ताशी १,२२५ किलोमीटर असतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी तो ताशी सुमारे १,२८७ किलोमीटरवर जातो आणि डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे सुमारे १,२१४ वर येतो. जगभरचे विमान अभियंते ज्या प्रमाणित वातावरणाच्या तक्त्यावरून हिशेब करतात, त्यात ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६.५ अंश धरलेले आहे आणि तिथे हा वेग ताशी १,०६२ किलोमीटर इतकाच उरतो. आपल्या उष्ण पट्ट्यात त्या उंचीवरची हवा तक्त्यापेक्षा काहीशी कमी गार असते, तरी चित्र बदलत नाही.

म्हणून विमानाचा नुसता वेग सांगून भागत नाही. त्या जागच्या ध्वनिवेगाशी त्याचे गुणोत्तर काय, हे सांगावे लागते. या गुणोत्तराला आपण इंग्रजी वळणाने मॅक अंक म्हणतो. ज्यांच्या नावाचा हा मान आहे ते एर्न्स्ट माख हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. त्यांनी पेटर झाल्शर यांच्यासह १८८७ साली उडत्या गोळीपुढच्या तरंगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. गुणोत्तराला त्यांचे नाव मात्र १९२९ मध्ये याकोब आकेरेट या स्विस अभियंत्याने दिले. वरचे ताशी ९०० किलोमीटरचे विमान तक्त्यातल्या थंड हवेत मॅक ०.८५ ला उडते. तेच विमान त्याच वेगाने नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी जमिनीलगत उडवले, तर त्याचा मॅक अंक अवघा ०.७ भरेल. वेग तोच, पण हवेच्या दृष्टीने ही दोन वेगळी उड्डाणे आहेत.

मॅक ०.३ पर्यंत, म्हणजे जमिनीलगत ताशी साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, हवेला वर्दी इतकी आधी मिळते की ती दबण्याऐवजी नुसती बाजूला होते. तिच्या घनतेत पाच टक्क्यांहूनही कमी फरक पडतो आणि पाण्यासारखीच ती दबत नाही असे मानून हिशेब केला तरी चालतो. शाळेत शिकलेले बर्नुलीचे तत्त्व इथे सरळ लागू पडते. वेग वाढत जातो तशी वर्दी आणि विमान यांच्यातले अंतर कमी होते, हवेला सावरायला वेळ कमी मिळतो आणि ती दबू लागते. हा परिणाम मोजण्यासाठी लुडविग प्रांट्ल आणि हर्मन ग्लाउअर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा नियम आहे. त्यानुसार पंखावरचे दाबाचे फरक मॅक ०.६ ला सव्वापट, ०.८ ला १.६७ पट आणि ०.९ ला जवळजवळ २.३ पट होतात. मॅक १ ला उत्तर अनंत येते. निसर्गात अनंत काही नसते, त्यामुळे त्या ठिकाणी सूत्र हात टेकते एवढाच याचा अर्थ. पण दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात कागदावर उभा राहणारा हा आकडा आणि हवेत होणारे अपघात यांची सांगड घालून ‘ध्वनीची भिंत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. बंदुकीच्या गोळ्या त्याआधी कित्येक दशके ती ‘भिंत’ रोज ओलांडत होत्या, हे वर्तमानपत्रांच्या लक्षात कोणी आणून दिले नसावे.

अडचण मात्र खरी होती आणि ती विमान मॅक १ ला पोहोचण्याच्या बरीच आधी सुरू होत असे. पंखाचा वरचा भाग फुगीर असतो आणि त्यावरून जाणारी हवा विमानापेक्षा अधिक वेगाने धावते. उचल, म्हणजे विमानाला वर धरणारे बल, मिळते ती त्यातूनच. त्यामुळे विमान मॅक ०.७५ ला असतानाच पंखाच्या पाठीवरच्या एखाद्या पट्ट्यात हवा मॅक १ ओलांडू शकते. पंखावर कुठेही पहिल्यांदा असे घडते त्या वेळच्या विमानाच्या मॅक अंकाला क्रांतिक मॅक अंक म्हणतात. इथून पुढे, साधारण मॅक १.२ पर्यंतचा प्रदेश हा या विषयातला सर्वांत अवघड प्रदेश, कारण त्यात विमानाभोवती हवेचे दोन कायदे एकाच वेळी लागू असतात.

पंखाच्या पाठीवरचा तो वेगवान पट्टा मागे जाऊन संपतो कसा, यात खरी गोम आहे. मागच्या संथ हवेची ‘पुढे गर्दी आहे’ ही वर्दी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू पाहते, पण समोरून येणारी हवा तिच्याहून वेगवान असल्यामुळे ती एका जागी अडते. मागून येणारी प्रत्येक वर्दी तिथेच येऊन थबकते, त्या एकमेकींवर रचल्या जातात आणि एक अतिशय पातळ पडदा उभा राहतो. हाच आघात तरंग. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असलेल्या या पडद्यातून जाताना हवेचा वेग एकदम उतरतो आणि दाब, घनता, तापमान एकदम चढते. किती चढते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मॅक २ ची हवा तिच्या वाटेत सरळ आडव्या उभ्या असलेल्या अशा पडद्यातून गेली तर तिचा दाब साडेचारपट आणि घनता पावणेतीनपटीच्या जरा खाली इतकी होते. या घिसाडघाईत ऊर्जेचा काही भाग उष्णतेत कायमचा वाया जातो आणि त्याची भरपाई इंजिनाला करावी लागते. विमानाला मागे खेचणाऱ्या हवेच्या विरोधात, म्हणजे रोधात, पडणारी ही जास्तीची भर म्हणजे तरंगरोध.

एवढ्यावर संपत नाही. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, आधीच मंदावलेला असतो आणि पडद्यामागचा चढलेला दाब त्याला पेलवत नाही. तो पंखापासून सुटतो, मागे भोवरे होतात, विमान थरथरू लागते आणि उचल घटते. शिवाय उचलीचा मध्यबिंदू, जो कमी वेगात पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चतुर्थांशाजवळ असतो, तो मागे सरकू लागतो आणि विमानाचे नाक खाली झुकते. नाक झुकले की वेग वाढतो, वेग वाढला की नाक आणखी झुकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लॉकहीडच्या पी–३८ या अमेरिकी विमानाच्या वैमानिकांना सूर मारताना नेमका हा अनुभव आला. दांडा दोन्ही हातांनी ओढूनही नाक वर येत नसे. याच विमानाच्या चाचणीत राल्फ व्हर्डन हे वैमानिक नोव्हेंबर १९४१ मध्ये प्राणास मुकले आणि इंग्लंडमध्ये २७ सप्टेंबर १९४६ रोजी जेफ्री द हॅव्हिलंड धाकटे यांचे डीएच–१०८ विमान वेगवान सूर मारताना हवेतच मोडले.

दांडा ओढूनही नाक का वर येत नसे, याचे उत्तर पुन्हा वर्दीतच सापडते. शेपटीच्या आडव्या पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. कमी वेगात ही फळी हलली की तिची वर्दी पुढे जाते, सबंध आडव्या पंखावरचा दाब बदलतो आणि म्हणून एवढीशी फळी एवढे मोठे विमान वळवू शकते. बिजागरीजवळ आघात तरंग उभा राहिला की वर्दीची ती वाट बंद होते. फळी हलते, पण तिच्या पुढच्या पंखाला त्याचा पत्ताच लागत नाही. बेल एक्स–१ या रॉकेट विमानात अमेरिकी वैमानिक चक येगर यांना मॅक ०.९४ च्या आसपास हीच अडचण आली. त्यावरचा उपाय विमानात आधीच होता: फळीच्या भरवशावर न राहता आडवा पंखच अख्खा, थोडाथोडा फिरवायचा. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर बी–२९ विमानाच्या पोटाखालून सुटलेले हे विमान सुमारे १३ किलोमीटर उंचीवर मॅक १.०६ ला पोहोचले. त्याचे धड बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे होते, कारण गोळी त्या वेगात स्थिर राहते एवढे तरी सर्वांना ठाऊक होते. दोन दिवस आधी घोड्यावरून पडून येगर यांच्या बरगड्या मोडल्या होत्या, ही हकिकत त्या उड्डाणाइतकीच प्रसिद्ध आहे. माझ्या मते मात्र त्या दिवसाचा खरा नायक तो फिरणारा आडवा पंख होता. त्यानंतरच्या स्वनातीत, म्हणजे सुपरसॉनिक, लढाऊ विमानांत तो सर्रास दिसतो.

तरंगरोध लांबणीवर टाकण्याचा सर्वांत गाजलेला उपाय रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातो. जेट विमानाचे पंख मागे झुकलेले का असतात? हवा पंखाच्या कडेवर तिरपी आली की तिच्या वेगाचे दोन भाग पडतात, एक पंखाच्या लांबीकडे वाहणारा आणि एक पंखाला आडवा जाणारा. पंखाच्या फुगवट्यावरून चढउतार करतो तो दुसराच. मॅक ०.८५ ला उडणाऱ्या विमानाचे पंख ३२ अंश मागे झुकलेले असतील तर आडवा भाग सुमारे ०.७२ भरतो आणि पंखाला आपण तेवढ्याच मॅकला आहोत असे वाटते. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुझेमान यांनी ही कल्पना १९३५ साली रोममधल्या परिषदेत मांडली होती. तेव्हा नाकावर फिरत्या पंख्याची (प्रोपेलरची) विमाने ज्या वेगाने उडत, त्या वेगाला तिचा उपयोग नसल्यामुळे ती जवळपास दुर्लक्षित राहिली. अमेरिकेत रॉबर्ट जोन्स त्याच निष्कर्षाला १९४५ मध्ये स्वतंत्रपणे पोहोचले.

त्यानंतरचा शोध मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. कॉन्व्हेअर कंपनीचे वायएफ–१०२ हे त्रिकोणी पंखांचे विमान मॅक १ ओलांडण्यासाठीच बनवले होते आणि सरळ उड्डाणात ते मॅक १ ओलांडेना. पंख पातळ होता, धडही सुबक होते, तरीही रोध अपेक्षेपेक्षा फार भरत होता. अमेरिकेतल्या लँगली इथल्या संशोधन केंद्रात वातबोगद्यावर, म्हणजे वेगवान हवा सोडून विमानाच्या प्रतिकृती तपासायच्या बोगद्यावर, काम करणाऱ्या रिचर्ड व्हिटकम्ब यांच्या लक्षात असे आले, की मॅक १ च्या जवळ हवा पंख वेगळा आणि धड वेगळे असे पाहतच नाही. नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचे काकडीसारखे काप करत गेलो, तर प्रत्येक कापाचे एकूण क्षेत्रफळ किती आणि ते किती हळुवार वाढते-घटते, एवढेच हवेला कळते. पंख सुरू होतो तिथे क्षेत्रफळ एकदम वाढते आणि तिथेच जोरदार आघात तरंग उठतो. मग पंखाच्या जागी धडच आत का घेऊ नये? पंखाने जेवढी जागा घेतली तेवढी धडाने सोडायची. अशी कंबर काढलेले नवे विमान डिसेंबर १९५४ मध्ये उडाले आणि त्याच इंजिनाच्या कुळातल्या इंजिनावर मॅक १ सहज ओलांडून गेले. याला क्षेत्रफळाचा नियम म्हणतात.

याच व्हिटकम्ब यांनी १९६० च्या दशकात पंखाच्या छेदाचा आकारही उलटा करून पाहिला: पाठ जवळजवळ सपाट आणि फुगवटा पोटाकडे, तर मागच्या कडेजवळ पोट आत वळलेले. सपाट पाठीवर हवा जपून धावते, तिचा वेग मॅक १ च्या फार वर जात नाही आणि पट्ट्याच्या शेवटी उभा राहणारा आघात तरंग कमजोर राहतो. आजच्या प्रवासी विमानांच्या पंखांत या आकाराचे संस्कार आहेत. नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या दुरुस्ती केंद्राकडे येणारे एखादे मोठे बोइंग विमान उतरताना जवळून पाहायला मिळाले, तर पंखाच्या मागच्या कडेजवळचे ते आत वळलेले पोट शोधून पाहावे. त्याच मिहानमध्ये ड्रीमलायनर विमानाच्या फरशीखालच्या तुळया तयार झाल्या आहेत, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

मॅक १.२ च्या पुढे गेल्यावर एक गंमत होते: कटकटी कमी होतात. विमानाभोवती आता एकच कायदा चालतो. समोरच्या हवेला वर्दी मिळतच नाही; ती बेसावध असते आणि नाकाशी आल्यावरच तिला कळते. विमानाने वाटेत दिलेल्या साऱ्या वर्द्या त्याच्या मागे एका शंकूत अडकतात. मॅक २ ला या शंकूची कड उड्डाणाच्या दिशेशी ३० अंशांचा कोन करते आणि वेग वाढेल तसा शंकू निमुळता होतो. अंबाझरीत चालणाऱ्या नावेमागच्या पाचराच्या आकाराच्या लाटांची उपमा इथे हमखास दिली जाते. डोळ्यांना ती पटते, पण पाण्यावरच्या लाटांचा वेग लाटेच्या लांबीप्रमाणे बदलतो आणि हवेतल्या ध्वनीचा तसा बदलत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

या नव्या कायद्यात आपला घरगुती अनुभव उलटा पडतो. कूलरमध्ये पाणी भरताना पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात जाते. वाट अरुंद झाली की प्रवाह वेगवान होतो. ध्वनीपेक्षा वेगवान हवेला मात्र वाट रुंद करून दिली तर ती वेग घेते आणि अरुंद केली तर मंदावते, कारण रुंद वाटेत तिची घनता इतकी झपाट्याने उतरते की तेवढाच माल पुढे न्यायला तिला अधिक पळावे लागते. रॉकेटचे तोंड आधी अरुंद होऊन मग घंटेसारखे पसरते ते यासाठीच. अशा वेगात गोल, जाड कडा महाग पडतात, कारण बोथट कडेपुढे आघात तरंग आडवा उभा राहतो. टोकदार कडेवर तो तिरपा बसतो आणि कमी नुकसान करतो. एफ–१०४ या विमानाच्या पंखाची पुढची कड इतकी धारदार होती की जमिनीवर असताना कर्मचाऱ्यांचे हात कापू नयेत म्हणून तिला म्यान घालून ठेवत.

इंजिनाची तऱ्हा आणखी वेगळी. जेट इंजिनाच्या फिरत्या पात्यांना ध्वनीपेक्षा वेगवान हवा पचत नाही, म्हणून मॅक २ च्या हवेला दाराशीच मॅक ०.५ च्या आसपास आणावे लागते. मिग–२१ च्या नाकातला तो परिचित शंकू याच कामासाठी असतो: त्याच्या टोकावर तिरपा आघात तरंग बसतो, हवा पायरीपायरीने मंदावते आणि एकाच जबर पडद्यात जेवढी ऊर्जा वाया गेली असती त्यातली बरीचशी वाचते. हवाई दलात १९६३ पासून असलेले हे आपले पहिले मॅक २ चे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले.

आणि उष्णता. वेगवान हवा विमानाच्या नाकाशी थांबते तेव्हा तिच्या गतीची ऊर्जा तापमानात बदलते. तक्त्यातल्या उणे ५६.५ अंशांच्या हवेत मॅक ०.८५ ला नाकाशी उणे २५ अंश मिळतात, मॅक २ ला अधिक ११७ आणि मॅक ३ ला ३३३. काँकॉर्ड या प्रवासी विमानाची वेगमर्यादा मॅक २ च्या जवळ ठेवली गेली ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला याहून जास्त उष्णता सोसली नसती म्हणून. उड्डाणात ते तापून काही इंचांनी लांब होत असे. उचलीचा मध्यबिंदू मागे सरकतो या जुन्या दुखण्यावरही काँकॉर्डचा उपाय साधा होता: वेग घेताना इंधन पंपाने मागच्या टाकीत ढकलून विमानाचा तोलच मागे न्यायचा आणि उतरताना परत पुढे आणायचा.

आपल्या देशात या विद्येची पायाभरणी बेंगळुरूला झाली. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतून डॉक्टरेट घेऊन आलेले सतीश धवन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत देशातला पहिला स्वनातीत वातबोगदा उभारला. इस्रोचे अध्यक्ष म्हणून त्यांना सारे ओळखतात, पण त्यांचा मूळ पिंड सीमास्तराच्या अभ्यासकाचा. पुढे १९६७ मध्ये राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १.२ मीटरचा वातबोगदा सुरू झाला, ज्यात ध्वनीच्या अलीकडचे, जवळचे आणि पलीकडचे असे तिन्ही वेग तपासता येतात. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडाले. मागे झुकलेले देखणे पंख त्याला होते, पण हवे तेवढ्या ताकदीचे इंजिन काही मिळाले नाही आणि मॅक २ चे स्वप्न कागदावरच राहिले. तरंगरोधाची किंमत आकाराने कमी होते, माफ होत नाही. देशात आखलेल्या तेजस या लढाऊ विमानाने ऑगस्ट २००३ मध्ये मॅक १ ओलांडला.

आता जमिनीवरच्या माणसाशी थेट संबंध येणारा भाग, तो धमाका. विमान मॅक १ ओलांडते त्या क्षणी एकदा स्फोटासारखा आवाज होतो, हा समज फार पसरलेला आहे. वास्तविक शंकू विमानामागे सतत ओढला जात असतो आणि त्याची कड जमिनीवरून ज्याच्या ज्याच्या अंगावरून सरकते त्याला त्याला त्या वेळी धमाका ऐकू येतो. वैमानिकाला तो ऐकू येत नाही. नाकाकडचा आणि शेपटीकडचा असे दोन तरंग जवळजवळ असल्यामुळे बऱ्याचदा ‘धडाड-धाड’ असा जोडआवाज होतो. कडकलक्ष्मीच्या आसुडाचा कडाड आवाजही याच जातीचा: चाबकाचे टोक क्षणभर ध्वनीच्या पुढे जाते. विमानाभोवती पांढरा ढगाचा शंकू दिसणारी छायाचित्रे ‘ध्वनीची भिंत फोडतानाचा क्षण’ म्हणून फिरतात, त्यातही तथ्य कमी आहे. तो दमट हवा प्रसरण पावून गार झाल्यामुळे धरलेला ढग असतो आणि मॅक १ च्या अलीकडेही दिसू शकतो. खरा धमाका काय करतो ते बेंगळुरूकरांनी २० मे २०२० रोजी अनुभवले. शहरभर खिडक्या थरथरल्या, भूकंपाच्या अफवा उठल्या आणि नंतर तो हवाई दलाच्या चाचणी विमानाचा आवाज असल्याचे सांगण्यात आले. अमेरिकेने प्रवासी विमानांना जमिनीवरून असे उडण्यास १९७३ मध्येच बंदी घातली होती आणि काँकॉर्डला समुद्रावरच धावावे लागले त्याचे एक कारण हा धमाकाच.

यातून निघण्याची एक वाट मात्र तापमानच दाखवते. मृगाच्या आधी नागपूरच्या क्षितिजावर रात्री लांबवर वीज चमकताना दिसते आणि गडगडाट अजिबात ऐकू येत नाही, हे आपण नेहमी पाहतो. खालची हवा गरम आणि वरची गार असल्यामुळे खाली येणारा आवाज गरम थरात शिरताना वर वळत जातो आणि वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडच्या माणसाच्या डोक्यावरूनच निघून जातो. विमानाच्या धमाक्याचेही असेच होऊ शकते. विमान वरच्या थंड हवेतल्या ध्वनिवेगापेक्षा वेगवान, पण खालच्या गरम हवेतल्या ध्वनिवेगापेक्षा संथ असेल, तर त्याचा तरंग जमिनीला न टेकता वाटेतूनच वर वळतो. २८ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियात मॅक १ ओलांडलेल्या एक्सबी–१ या चाचणी विमानामागच्या कंपनीचा भर याच युक्तीवर आहे.

वारा बाजूला ठेवून नागपूरपुरता हिशेब करायचा झाला, तर अकरा किलोमीटर उंचीवरून ताशी १,२५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान घेऊ. वरच्या हवेत ते मॅक १.१५ च्या पुढेमागे असेल. डिसेंबरच्या पहाटे जमिनीलगतचा ध्वनिवेग १,२१४ असतो, तेव्हा त्याचा धमाका धरमपेठेतल्या खिडक्या हलवून जाईल. मे महिन्याच्या दुपारी तोच वेग १,२८७ असतो आणि तेच विमान, त्याच वाटेने, त्याच वेगाने गेले तरी त्याचा तरंग खाली न पोहोचता तापलेल्या शहराच्या वरून आभाळातच परत फिरेल.